फटकळ मैत्री आणि उलट उत्तराचा हक्क

एक तुसडा, शिवराळ म्हातारा, त्याच्या शेजारी राहायला आलेले परक्या वंशाचे कुटुंब, आधी तिरस्कार, मग कुरबुर आणि शेवटी नकळत जडलेली माया, अशा वळणाचा चित्रपट चर्चेत आला की त्यावरचा वाद ठरलेल्या दोन वाटांनी जातो. एक बाजू सांगते की चित्रपट पाहून डोळ्यांत पाणी आले, माणूस जिभेने कसा आहे यापेक्षा मनाने कसा आहे ते महत्त्वाचे, आणि हल्ली शब्दांवरून फार कांगावा केला जातो. दुसरी बाजू सांगते की असे चित्रपट बहुसंख्याकांना स्वस्तात पापमुक्ती देतात, पूर्वग्रह व्यवस्थेत मुरलेला असतो आणि अंधारात बसून रडल्याने व्यवस्था हलत नाही. क्लिंट ईस्टवुड यांच्या २००८ मधल्या ‘ग्रॅन टोरिनो’वरून हा वाद मी अनेकदा ऐकला आहे, आणि दर वेळी मला वाटत आले आहे की दोन्ही बाजूंची चूक एकच आहे. दोघीही चित्रपटाचे मन तपासतात, ते निर्मळ की दांभिक एवढेच ठरवतात. चित्रपट चालू असताना प्रेक्षक म्हणून आपण काय करत होतो, कशावर हसत होतो, कोणासाठी जीव खालीवर होत होता, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की चित्रपटाने पूर्वग्रह हलतो, हे नक्की. पण तो बऱ्या दिशेने तेव्हाच हलतो, जेव्हा चित्रपट आपल्याला निर्दोष असल्याचा दाखला देत नाही. आणि फटकळ मैत्री खरी की खोटी, हे फटकळ माणसाच्या अंतःकरणावरून ठरत नाही. समोरच्याला तितक्याच फटकळपणे उलट उत्तर देता येते की नाही, यावरून ते ठरते.

‘चित्रपट ही शेवटी करमणूक, तिने कोणाचे मत बदलत नाही’ हा युक्तिवाद आधी बाजूला काढते. १९१५ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ प्रदर्शित झाला. कृष्णवर्णीयांना हिंस्र आणि गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेला तारणहार म्हणून रंगवणाऱ्या या चित्रपटाचा खेळ खुद्द व्हाइट हाउसमध्ये झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, तो अटलांटात लागण्याच्या तोंडावर, जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर मोडीत निघालेल्या क्लॅनचे पुनरुज्जीवन करण्यात आले. पुढे १९३३ मध्ये रूथ पीटरसन आणि एल. एल. थर्स्टन यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. इलिनॉयमधल्या छोट्या गावांतल्या शाळकरी मुलांची मते चित्रपट पाहण्यापूर्वी आणि पाहिल्यानंतर मोजली, तेव्हा ग्रिफिथ यांच्या चित्रपटाने मुलांची कृष्णवर्णीयांबद्दलची भावना स्पष्टपणे प्रतिकूल झाली होती, आणि पाच महिन्यांनी पुन्हा मोजली तेव्हाही तो परिणाम बऱ्याच अंशी टिकून होता. त्याच अभ्यासात जर्मन माणसांचे सहानुभूतीने चित्रण करणारा चित्रपट पाहिलेल्या मुलांचा जर्मनांकडे पाहण्याचा दृष्टिकोन सुधारल्याचेही आढळले. पडद्याला द्वेष शिकवता येतो हे मान्य करायचे आणि आपुलकी मात्र शिकवता येत नाही असे म्हणायचे, हा कुठला न्याय?

आता मूळ चित्रपटाकडे येते. वॉल्ट कोवाल्स्की हा पोलिश वंशाचा म्हातारा कोरियाच्या युद्धात लढलेला आहे आणि त्याची हयात फोर्डच्या कारखान्यात गेली आहे. त्याच्या गॅरेजमधल्या १९७२ च्या ग्रॅन टोरिनोचा स्टिअरिंग कॉलम त्याने स्वतःच्या हाताने बसवला होता. पत्नी नुकतीच वारली आहे, एक मुलगा जपानी गाड्या विकतो, आणि वस्तीतली जुनी गोरी कुटुंबे निघून जाऊन तिथे आग्नेय आशियातल्या हमोंग जमातीची कुटुंबे आली आहेत. वॉल्ट त्यांना ज्या शब्दांनी संबोधतो ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. शेजारचा थाओ नावाचा मुलगा टोळीच्या दबावाखाली त्याची गाडी चोरायला येतो, पकडला जातो, आणि प्रायश्चित्त म्हणून म्हाताऱ्याच्या हाताखाली काम करू लागतो. तिथून त्यांचे नाते सुरू होते.

ही गोष्ट जिथे घडते त्या जागेचा विचार केल्याशिवाय तिच्यातल्या पूर्वग्रहाचे वजन कळत नाही. डेट्रॉइटच्या पोटात वसलेले हायलंड पार्क हे मिशिगनमधले छोटे शहर. फोर्डने १९१३ मध्ये चालती जुळणी-साखळी सुरू केली ती इथल्याच कारखान्यात, आणि १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली तीही इथेच. जून १९८२ मध्ये याच हायलंड पार्कच्या रस्त्यावर व्हिन्सेंट चिन या सत्तावीस वर्षांच्या चिनी वंशाच्या अमेरिकन तरुणाला दोन गोऱ्यांनी बेसबॉलच्या बॅटने मारहाण केली आणि चार दिवसांनी तो मरण पावला. मारेकऱ्यांपैकी एक क्रायस्लरमध्ये पर्यवेक्षक होता, दुसऱ्याची मोटार कारखान्यातली नोकरी गेलेली होती. जपानी गाड्यांमुळे अमेरिकी कामगार बेकार होतात हा त्या दिवसांतला राग, आणि त्या रागाला समोर दिसला तो आशियाई चेहरा. चेहरा जपानी आहे की चिनी, एवढाही फरक करण्याची गरज त्यांना वाटली नाही. मारेकऱ्यांना तीन वर्षांचे प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड, एवढीच शिक्षा झाली, तुरुंगवास नाही. ‘ग्रॅन टोरिनो’ चिनचे नाव घेत नाही, आणि मला ही त्याची उणीव वाटते. पण जपानी गाड्यांवर दात-ओठ खाणारा निवृत्त मोटार कामगार, त्याच्या हातातली बंदूक आणि कुंपणापलीकडचा आशियाई मुलगा हे चित्र त्याच मातीतले आहे. वॉल्टच्या शिव्या एका विक्षिप्त म्हाताऱ्याची लकब म्हणून ऐकायच्या, की ज्या शब्दांच्या पाठोपाठ एकदा बॅट उगारली गेली होती ते शब्द म्हणून ऐकायच्या?

दुसऱ्या बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे इथूनच सुरू होतात, आणि त्यांना बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला मुद्दा कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन यांचा. १९५८ च्या ‘द डिफायंट वन्स’मध्ये एकाच साखळीने बांधलेले दोन पळपुटे कैदी आहेत, एक गोरा आणि एक काळा. साखळी तुटल्यावरही, शेवटी सिडनी पॉइटिए यांनी रंगवलेला काळा कैदी गोऱ्या सोबत्यासाठी धावत्या आगगाडीतून उडी मारतो. बाल्डविन यांनी लिहून ठेवले आहे की या उडीला उदारमतवादी गोऱ्या प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या, आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला कृष्णवर्णीय प्रेक्षक मात्र संतापून ओरडला, की मूर्खा, परत गाडीत चढ. एकच दृश्य एका थिएटरात क्षमा होते आणि दुसऱ्या थिएटरात अपमान. मैत्रीची गोष्ट सांगताना किंमत नेहमी दुबळ्या बाजूकडून वसूल करायची आणि समाधान बलवान बाजूला वाटून द्यायचे, ही अशा चित्रपटांची जुनी खोड आहे, आणि बाल्डविन यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक जिव्हारी लागला, कारण तो थाओची भूमिका करणाऱ्या बी व्हँग या अभिनेत्याचा आहे. चित्रीकरणाच्या वेळी तो पोरसवदा होता. पुढची अनेक वर्षे तो या चित्रपटाबद्दल बोलत राहिला, आणि २०२१ मध्ये, अमेरिकेत आशियाई वंशाच्या लोकांवर हल्ले होत असताना, त्याने लिहिले की वॉल्टच्या तोंडची वांशिक शिवी ऐकून गोरे प्रेक्षक ज्या मोकळेपणाने हसत, ते हसू त्याच्या मनातून गेले नाही. हे वाचल्यावर मला माझे पहिल्या वेळचे पाहणे आठवले. मीही हसले होते. म्हातारा गुरगुरला की हसू येत होते. त्याचा हा शब्द मनापासूनचा नाही, अजून थोड्या वेळाने तो सुधारणार आहे, हे मला आधीच माहीत होते आणि म्हणून हसायला हरकत नाही असे मी धरून चालले होते. गोष्टीच्या शेवटी होणाऱ्या सुधारणेवर मी आगाऊच उचल घेतली होती.

तिसरा मुद्दा कथानकातलाच आहे आणि त्याची चर्चा फारच थोडी होते. टोळीतल्या एकाला वॉल्ट बदडतो, धमकावतो, आणि त्याचा सूड टोळी वॉल्टवर उगवत नाही. ती थाओच्या घरावर गोळ्या झाडते आणि त्याची बहीण सू हिच्यावर अत्याचार करते. रांगड्या मर्दपणाची फळे भोगते ती एक मुलगी. शेवटचे बलिदान मात्र म्हाताऱ्याच्या नावावर जमा होते, आणि तेही दोन्ही हात पसरून, क्रुसावरच्या ख्रिस्तासारखे. स्त्री म्हणून हे पाहताना माझा घसा कोरडा पडला.

हे सगळे मान्य केल्यावर उरते काय? माझ्या मते बरेच उरते, आणि ते नेमके फटकळपणाच्या आत उरते. आपल्याकडे अशा माणसाला फणसाची उपमा देण्याची पद्धत आहे, वरून काटे आणि आत गरे. ही उपमा मला पुरेशी वाटत नाही, कारण ती सगळे श्रेय आतल्या गोडव्याला देऊन मोकळी होते आणि काटे कोणाला बोचतात हे सांगत नाही. ‘ग्रॅन टोरिनो’ या उपमेच्या पुढे जातो तो एका न्हाव्याच्या दुकानात. वॉल्ट आणि इटालियन वंशाचा न्हावी मार्टिन एकमेकांना वंशावरून वाटेल तसे बोलतात आणि दोघेही खूश असतात. वॉल्ट थाओला तिथे नेतो, पुरुष कसे बोलतात ते ऐक म्हणतो, आणि मग त्याला बाहेर जाऊन पुन्हा आत यायला सांगतो. मुलगा भाबडेपणाने तेच शब्द जसेच्या तसे वापरतो, आणि मार्टिन क्षणात त्याच्यावर बंदूक रोखतो. दृश्य विनोदी म्हणून घेतलेले आहे. पण त्यातला विनोद क्षणभर बाजूला ठेवला तर दिसते ते असे, की तेच शब्द, तोच सूर, तेच दुकान. दोघांना ते शोभतात आणि तिसऱ्यासाठी बंदुकीची नळी पुढे येते.

असे का, याचे उत्तर इतिहासात आहे. पोलिश आणि इटालियन हे कधीकाळी अमेरिकेत नकोसेच होते. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने अकरा इटालियनांना ठार मारले. १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची दारे जवळजवळ बंद केली. मार्टिन आणि वॉल्ट आज त्या जखमेवरून एकमेकांना चिडवू शकतात, कारण ती जखम भरली आहे. त्या शब्दांमुळे आज कोणाची नोकरी जात नाही, कोणाला घर नाकारले जात नाही, कोणाच्या डोक्यात बॅट बसत नाही. थाओची जखम उघडी आहे. म्हणून ‘आम्ही मित्र-मित्र एकमेकांना असेच बोलतो, तुम्हीच हळवे’ हा बचाव टिकत नाही. थट्टेला दोन तोंडे लागतात आणि दोन्ही तोंडांमागे सारखी सुरक्षितता लागते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहावरच्या आपल्या ग्रंथात हेच वेगळ्या शब्दांत मांडले होते: नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाही, दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट समान हवे, हात एकाच कामाला लागलेले हवेत आणि संस्थांचा त्याला पाठिंबा हवा.

या कसोटीवर चित्रपटातली मैत्री घासून पाहिली तर ती खरी ठरते ती म्हाताऱ्याच्या दयाळूपणामुळे नाही. तिची सुरुवात करते सू, आणि ती करते तोंडाला तोंड देऊन. त्याच्या प्रत्येक कुत्सित वाक्याला ती हसत उत्तर देते, त्याला ‘वॉली’ म्हणते, आणि हमोंग लोक इथे का आले हे त्याला सांगते. लाओसमध्ये ते अमेरिकेच्या बाजूने लढले होते. १९७५ मध्ये अमेरिका निघून गेल्यावर त्यांचा छळ सुरू झाला आणि ते निर्वासित झाले. सैनिक म्हणून अभिमान बाळगणाऱ्या म्हाताऱ्याला कळते की ज्यांना तो घुसखोर समजत होता ते त्याच्याच देशाच्या युद्धाची किंमत मोजून आलेले लोक आहेत. त्यानंतर थाओ. बराच काळ तो गप्प असतो, मान खाली घालून काम करतो. मग तळघरातला जुना फ्रीजर वर आणायचा प्रसंग येतो. वरची जड बाजू कोणी धरायची यावर दोघे अडतात, आणि थाओ पहिल्यांदा आवाज चढवतो: तुला मदत हवी म्हणून मी आलो आहे, वरची बाजू मी धरतो, नाहीतर मी चाललो. वॉल्ट गुमान खालच्या बाजूला जातो. पायऱ्या अरुंद आहेत, फ्रीजर अवजड आहे, दोघांच्याही धापा ऐकू येतात. माझ्या लेखी त्यांची मैत्री इथे, या पायऱ्यांवर सुरू झाली. आधीचे सगळे उपकार होते.

१९६७ च्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये हीच गोष्ट एका थपडेने सांगितली होती. दक्षिणेतला धनाढ्य गोरा जमीनदार काळ्या पोलीस अधिकाऱ्याच्या थोबाडीत मारतो आणि तो अधिकारी तत्क्षणी उलट थप्पड लगावतो. त्या चित्रपटातल्या तिरसट गोऱ्या पोलीसप्रमुखाशी त्याचे जे अबोल नाते जमते, ते या थपडेनंतरच विश्वासार्ह वाटते.

राहिला प्रश्न व्यवस्थेचा. चित्रपटाने कायदा बदलत नाही, हे खरे आहे. आंतरवंशीय विवाहावरील बंदी १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडली, कोणा दिग्दर्शकाने नव्हे. पण व्यवस्था चालवणारी माणसेच असतात ना? चिनच्या मारेकऱ्यांना सोडणाऱ्या न्यायाधीशांनी दिलेले कारण आठवावे. ही माणसे कामधंदा करणारी आहेत, पूर्वीचा गुन्हा नाही, तुरुंगात पाठवावे अशातली ही माणसे नव्हेत, असा त्यांचा सूर होता. त्या वाक्यात चिनबद्दल द्वेषाचा एक शब्दही नाही. आहे ती मारेकऱ्यांबद्दलची समजूत, शेजारपणाची ओळख. त्यांची नोकरी, त्यांचे घर, त्यांचे पुढचे आयुष्य न्यायाधीशांना डोळ्यांसमोर दिसू शकले. आठवड्याभरावर लग्न आलेल्या मेलेल्या तरुणाचे आयुष्य दिसले नाही. पूर्वग्रह पुष्कळदा असाच असतो. तो शिवी देत नाही. तो फक्त एकाच बाजूच्या माणसांना चेहरा देतो. मग ज्या कलेचे कामच दोन तास अनोळखी चेहऱ्याकडे पाहायला लावणे हे आहे, तिला या बाबतीत निरुपयोगी कसे म्हणायचे? ती कायद्याची जागा घेणार नाही. पण कायद्याच्या खुर्चीत बसणाऱ्याला कोण माणूस वाटते आणि कोण नाही, हे जिथे ठरते तिथपर्यंत ती पोचते.

दुसऱ्यांदा चित्रपट पाहिला तेव्हा मी शिव्यांवर हसले नाही, आणि म्हणून एक गोष्ट स्पष्ट दिसली. अखेरच्या दिवशी वॉल्ट चर्चमध्ये जाऊन कबुलीजबाब देतो. तिथे तो सांगतो ती पापे किरकोळ आहेत: एका बाईचे घेतलेले चुंबन, एका व्यवहारावर न भरलेला कर, मुलांशी न जमलेली जवळीक. खरा कबुलीजबाब घरी होतो. थाओने सूडासाठी सोबत येऊ नये म्हणून तो त्याला तळघरात कोंडतो आणि जाळीच्या दाराबाहेरून त्याला सांगतो, की कोरियात शरण येऊ पाहणाऱ्या, तुझ्यासारख्याच एका घाबरलेल्या पोराला मी गोळी घातली आणि एकही दिवस असा जात नाही की ते आठवत नाही. पाद्र्याच्या जाळीपेक्षा ही जाळी वेगळी आहे. पलीकडे बसलेला पापक्षालन करायला मुखत्यार नाही; त्याचा चेहरा ज्याला मारले त्याच्या चेहऱ्याशी मिळताजुळता आहे. आयुष्यभराच्या शिव्या कशावर झाकण म्हणून घातलेल्या होत्या, ते इथे कळते.

आणि तो पलीकडचा मुलगा? तो दारावर लाथा मारतो, बाहेर काढ म्हणून ओरडतो. म्हाताऱ्याने जे सांगितले त्यावर काही बोलायला त्याला जागाच दिलेली नाही. वॉल्ट निघून गेलेला असतो. त्या दृश्यात न दिलेले उत्तर ती भूमिका करणाऱ्या मुलाने पुढे स्वतःच्या नावाने लिहून दिले. त्याला कृतघ्न म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. एवढी मोठी संधी मिळाली आणि आता नावे ठेवतो, असे ते म्हणतात. ज्यांना या चित्रपटातली मैत्री मनापासून आवडली, त्यांनी तरी असे म्हणू नये. फ्रीजरची वरची बाजू मी धरतो म्हणणाऱ्या मुलाचे त्यांनी कौतुक केले होते. तोच मुलगा तेरा वर्षांनी तुमच्या हसण्याबद्दल काही सांगतो आहे.